वर्गणीदारांच्या यादींतील हँडेल

एलिझाबेत्ता द गांबारिनी हें नांव आमच्या वाचकांस बहुधा अपरिचितच असेल. दुसऱ्या जॉर्ज राजाच्या अमदानींतील लंडनची ही गायिका व संगीतरचनाकार. 1747 सालीं ती हँडेलच्या ‘जूडस मॅकाबियस’मध्यें गायिली, एवढें सांगून इतिहासकार तिची बोळवण करितात. परंतु पुढच्याच वर्षीं तिनें हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या पूर्वींच्या वाद्यासाठीं स्वतःच्या रचना छापून प्रसिद्ध केल्या. ब्रिटनमध्यें असा संग्रह काढणारी पहिली स्त्री म्हणून तिची गणना होते. त्या वर्षींच्या तिच्या वर्गणीदारांत खुद्द हँडेलचें नांव आहे!

केवळ ‘पहिली’ म्हणून तिला थोर ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. तिच्या रचना आटोपशीर आहेत. हँडेलची भव्यता त्यांत शोधूं नये. पण त्यांतील सुरावट प्रसन्न आहे, आणि ती तिची स्वतःची आहे. 1764 सालीं तिचा विवाह झाला. 1765 सालीं, पस्तिशी गांठण्यापूर्वींच, ती निवर्तली. प्रौढ कृतीस लागणारी उसंत दैवानें तिला दिलीच नाहीं. ज्या हँडेलनें तिच्या पुस्तकासाठीं वर्गणी भरली, त्याच्याच चरित्रांत तिनें एका तळटीपेपुरतें उरावें, हा न्याय नव्हे.