डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रसाधनांची परीक्षा

भंडारा जिल्ह्यांतील संग्राहकांचें लक्ष पवनीचे प्राचीन अवशेष, नाणीं व पोथ्या यांकडे असावें हें स्वाभाविकच आहे. शंभर-सवाशें वर्षांपूर्वींचीं खासगी पत्रें मात्र 'अर्वाचीन' म्हणून बाजूस पडतात. अशा पत्रांचें मोल काय, हें डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रवाङ्मयावरून जितकें स्पष्ट होतें तितकें क्वचितच अन्यत्र होईल. परदेशीं जाऊन वैद्यक शिकलेल्या या विद्यार्थिनीची कथा महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. परंतु ती कोणत्या साधनावरून ठाऊक झाली, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं.

मुख्य घटना निर्विवाद आहेत. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षीं टपाल खात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं विवाह. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गेलें. ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई पतीवांचून कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्यें न्यूयॉर्कास पोंचल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयानें ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस एम्. डी. ही पदवी दिली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभागावर नेमणूक होऊन त्या स्वदेशीं परतल्या. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला.

या घटनांचा अर्थ लावणाऱ्या साधनांच्या तीन पायऱ्या आम्ही मानतों. पहिली, आनंदीबाईंचें स्वतःचें लेखन: पत्रें, श्रीरामपूरचें भाषण आणि आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावरील पदवीचा प्रबंध. दुसरी, समकालीनांनीं लिहिलेलीं चरित्रें. तिसरी, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ ची कादंबरी व २०१९ चा त्याच नांवाचा चित्रपट. लोकमानसांत आज तिसरी पायरी पहिलीच्या जागीं बसली आहे. हा दोष कादंबरीकाराचा नव्हे. कादंबरीस बखर समजणाऱ्या वाचकाचा आहे.

दुसऱ्या पायरीवरील दोन ग्रंथांची परीक्षा करूं. कॅरोलाइन डॉल यांचें इंग्रजी चरित्र बोस्टन येथें १८८८ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर लवकरच, निघालें. आनंदीबाईंस ओळखणाऱ्या मंडळींच्या स्मृति ताज्या असतांना तें लिहिलें गेलें, हा त्याचा मोठा गुण. परंतु तें अमेरिकन वाचकांस उद्देशून आहे, आणि शीर्षकांतच नांवाचें 'आनंदाबाई' झालें आहे. काशीबाई कानिटकर यांचा मराठी ग्रंथ घरच्या रीतिभाती जाणून लिहिलेला आहे. लग्नानंतर वाचावयास शिकलेल्या काशीबाईंना शिकणाऱ्या स्त्रीचा जाच अनुभवानें ठाऊक होता. तथापि रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंस आनंदीबाईंनीं लिहिलेलीं इंग्रजी पत्रें या ग्रंथांत मराठी वेष घेऊन येतात. तेथें शब्दांवर भार देऊन अनुमान काढणें धोक्याचें होय. म्हणूनच अलीकडे अंजली कीर्तने व मीरा कोसंबी यांनीं मूळ कागदांकडे वळून केलेलें काम आम्हांस विशेष मोलाचें वाटतें.

ही पायरी ठरविल्यानें निर्णय कसा बदलतो, हें एका मुद्द्यावरून पाहावें. वैद्यकाचा संकल्प कोणाचा? लोकप्रिय उत्तर असें कीं, तो पतीचा हट्ट. अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांस पहिलें पत्र गोपाळरावांनीं लिहिलें, म्हणून आरंभ त्यांचा हें मान्यच केलें पाहिजे. पण २४ फेब्रुवारी १८८३ च्या श्रीरामपूरच्या भाषणांत आनंदीबाई लोकांच्या आक्षेपांस क्रमानें उत्तरें देतात: अमेरिकाच कां, एकटीच कां, परतल्यावर बहिष्कार पडला तर काय. हिंदुस्थानांत स्त्री-वैद्यांची गरज आहे हें त्यांचें कारण सार्वजनिक आहे. जून १८८३ मध्यें महाविद्यालयास केलेल्या अर्जांतही, पुरुष वैद्याचे उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या भगिनींचाच दाखला आहे. हा अर्ज फिलाडेल्फियाच्या दफ्तरांत जपला गेला म्हणून आज त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत ऐकूं येते. तो नष्ट झाला असता तर तिचा एक मोठा पुरावा गेला असता.

शिलालेखवाचकांनींही येथें सावध असावें. आनंदीबाईंच्या अस्थि न्यूयॉर्क राज्यांतील पोकिप्सी येथें पुरल्या आहेत. तेथील शिळेवर, शिक्षणार्थ हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असा लेख आहे. त्याच १८८३ सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या, आणि १८८६ सालींच कादंबिनी गांगुली यांस कलकत्त्यास वैद्यकाची पदविका मिळाली. 'पहिली' हा शब्द शिळेवर कोरला तरी तपासूनच घ्यावा लागतो.

आपल्या जिल्ह्यास या परीक्षेचें प्रयोजन आहे. नागपुरास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९४७ सालीं निघालें. तत्पूर्वीं वैद्यकाची पदवी इच्छिणाऱ्या भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या विद्यार्थ्यास परप्रांताची वाट धरावी लागे. अशा कोणाचीं घरीं धाडलेलीं पत्रें, शुल्काच्या पावत्या वा वह्या एखाद्या पेटींत असतील, तर त्या रद्दींत जाण्यापूर्वीं त्यांच्या यथामूल नकला कराव्यात, पाकिटें व टपालाचे शिक्केही राखावेत. कादंबरी मागाहूनही लिहितां येते. गेलेला कागद पुन्हां लिहितां येत नाहीं.