तलवार आहे, कारस्थान कुठे गेलं?

राजघराण्यांतल्या कारस्थानांच्या साहसकथांना मराठी पडद्यावर सुगीचे दिवस आले आहेत, असं वरवर पाहणाऱ्याला वाटेल. २०१८ पासून ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘सरसेनापती हंबीरराव’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ अशी रांग लागली. हिंदीत २०२० साली ‘तान्हाजी’ आणि २०२५ साली ‘छावा’ आला. शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाडकडची पोरं गाड्या करून हे चित्रपट पाहायला जातात आणि छाती भरून परत येतात. त्या भरून आलेल्या छातीबद्दल मला आदरच आहे. पण या सगळ्या चित्रपटांतून युद्धपट मोठा झाला आणि साहसपट मागे पडला, असं माझं मत आहे. त्याची खंत अधिक वाटते, कारण हा साहसपट आमच्याच जिल्ह्यात, शिरोळपासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या कोल्हापुरात वाढला होता.

दोघांत फरक काय? युद्धपटात शत्रू सीमेपलीकडून येतो. साहसपटात तो सिंहासनाच्या शेजारी बसलेला असतो. अलेक्झांडर ड्यूमाने १८४४ मध्ये ‘थ्री मस्केटिअर्स’ लिहिली, तिच्यात राजा, राणी आणि कार्डिनल रिशल्यू इतिहासातले आहेत, पण कथा मात्र तलवार घेऊन पॅरिसला आलेल्या एका गरीब पोराभोवती फिरते. अँथनी होपने १८९४ च्या ‘प्रिझनर ऑफ झेंडा’त याच्याही पुढे जाऊन रुरिटानिया नावाचं राज्यच कल्पनेतून उभं केलं. राज्याभिषेकाच्या तोंडावर राजाला गुंगीचं औषध दिलं जातं, आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या परक्या माणसाला त्याच्या जागी बसावं लागतं. १९३७ च्या चित्रपटात रोनाल्ड कोलमनने राजा आणि तोतया अशा दोन्ही भूमिका केल्या, आणि डग्लस फेअरबँक्स धाकट्याने रूपर्ट हा हसरा, देखणा, बेइमान खलनायक असा रंगवला की प्रेक्षक त्याच्यावरही लुब्ध झाले. १९५२ साली तोच चित्रपट जवळजवळ दृश्याला दृश्य लावून रंगीत करण्यात आला. इतक्या वेळा हाताळूनही ही कथा शिळी होत नाही, कारण तिच्यातला माणूस कोणाचा पूर्वज नाही. तो मोहात पडू शकतो, चुकू शकतो, हरूही शकतो.

आपल्या कादंबरीकारांना कल्पित माणसं उभी करण्याची ही युक्ती फार आधीपासून ठाऊक होती. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली ‘विविधज्ञानविस्तार’मधून येऊ लागली. ती मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. काळ शिवाजी महाराजांचा, पण गड आणि गडावरची माणसं गुंजीकरांच्या मनातली. हरिभाऊ आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये कोंढाण्याची लढाई नुसती सांगितली नाही. उदयभानूच्या कैदेत सापडलेली राजपूत कमलकुमारी त्यांनी कथेत आणली, आणि गड घेणं व तिची सुटका या दोन गोष्टी एकमेकींत अडकवल्या. ती गाठ पडली आणि लढाईची कादंबरी झाली.

बाबूराव पेंटरांनी १९२३ साली कोल्हापुरात ‘सिंहगड’ काढला तो याच कादंबरीवरून. पुढे प्रभात फिल्म कंपनीची मुद्रा ज्यांच्या नावाशी जोडली गेली ते व्ही. शांताराम त्यात शेलारमामा होते. पेंटर मुळात चित्रकार, त्यामुळे पडदे रंगवून भागवण्याऐवजी त्यांनी खरी वाटेल अशी वास्तू उभारायचा आग्रह धरला. रात्रीचा हल्ला दाखवण्यासाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. दहा वर्षांनी प्रभातने तीच कादंबरी बोलपटात आणली. तेव्हा शांताराम दिग्दर्शक होते आणि बाबूराव पेंढारकर उदयभानू. एकच कादंबरी, एकच शहर, दोन पिढ्या आणि दोन तंत्रं. एखाद्या कलेची परंपरा म्हणतात ती अशीच तयार होते.

या परंपरेतलं सगळ्यांत महत्त्वाचं वळण मात्र इंग्रजांच्या कात्रीमुळे आलं, असं मला वाटतं. १९३० साली प्रभातने ‘स्वराज्याचे तोरण’ नावाचा मूकपट केला. त्यातला ‘स्वराज्य’ हा शब्द सरकारला खपला नाही आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने आला. शिवकाल दाखवायचा तर ही अडचण येणार. मग याच मंडळींनी ‘अग्निकंकण’सारख्या चित्रपटांत कल्पित राज्यं वसवली. तिथे कोणाचं नाव घ्यायचं नव्हतं, त्यामुळे सगळं बोलता येत होतं.

त्याचं शिखर म्हणजे १९३४ चा ‘अमृतमंथन’. ना. ह. आपट्यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरून तो बेतला होता. तोवर प्रभात कोल्हापूर सोडून पुण्याला गेली होती, पण हात कोल्हापूरचेच होते. राजा क्रांतिवर्मा बळी देण्याची चाल बंद करतो. देवीच्या राजगुरूला ते सहन होत नाही, तो एका निष्ठावंत माणसाच्या हातून राजाचा खून करवतो आणि मग त्या माणसाचाच घात करतो. गादीवर येते ती राजाची कोवळी मुलगी, आणि तिच्या मागे सावलीसारखा उभा असतो तोच राजगुरू. मराठी आवृत्तीत ही भूमिका केशवराव दात्यांनी केली, हिंदीत चंद्रमोहन यांनी. चंद्रमोहनच्या डोळ्याने पडदा व्यापून टाकणारं ते दृश्य आजही सिनेमाच्या अभ्यासात दाखवलं जातं. तलवारी थोड्याच वेळ चालतात, तरी भीती शेवटपर्यंत उतरत नाही, कारण घाव कोणत्या दारातून येणार हे राणीला कळत नाही आणि आपल्यालाही नाही. धर्माच्या नावाने सत्ता चालवणाऱ्या माणसाबद्दल इतकं स्पष्ट त्या काळात बोलता आलं, ते केवळ राज्य कल्पित होतं म्हणून.

भालजी पेंढारकरांचा मार्ग वेगळा होता. ‘नेताजी पालकर’, ‘बहिर्जी नाईक’, ‘छत्रपती शिवाजी’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’. महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांपुढचा शिवकाल भालजींनी घडवला, हे म्हणणं अतिशयोक्तीचं नाही. आमच्याकडच्या जत्रांतल्या तंबूंमध्ये हे चित्रपट पाहिलेली म्हातारी माणसं आजही त्यातले संवाद म्हणून दाखवतात. १९४८ च्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला, तरी त्या राखेतून त्यांनी पुन्हा चित्रपट उभे केले. त्यांच्या मोठेपणाला धक्का न लावता एक सांगायला हवं. भालजींच्या हातात साहसकथा हळूहळू निष्ठेची कथा झाली. १९४१ च्या ‘थोरातांची कमळा’त युवराज संभाजी प्रेमात पडणारा, पाय घसरू शकणारा तरुण होता. ती कथा इतिहासाला धरून नव्हती, आणि संभाजीराजांचं खरं चरित्र पुढे आणणाऱ्या संशोधकांनी तशा दंतकथा खोडल्या ते योग्यच झालं. पण इतिहास शुद्ध झाला तेव्हा कथेला लागणारा चुकणारा माणूस दुसरीकडून आणायला हवा होता. आपण तो आणलाच नाही.

आजच्या चित्रपटांत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो दिग्पाल लांजेकर यांचा ‘फर्जंद’. कोंडाजी फर्जंद यांनी १६७३ साली साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला. माणसं निवडणं, हेरांनी गडाची माहिती काढणं, वेषांतर, अंधारातली चढाई, या टप्प्यांतून चित्रपट रंगत जातो. बेत आखण्याची मजा त्यात आहे. त्याच दिग्दर्शकाच्या पुढच्या चित्रपटांत ही मजा आटत गेली आणि घोषणांना जागा जास्त मिळाली. ओम राऊतांच्या ‘तान्हाजी’त कमलकुमारीचा धागा पुन्हा येतो, पण आता तो कथेच्या मध्यभागी राहिलेला नाही. तरी सैफ अली खानने केलेला उदयभानू हा रूपर्टच्या कुळातला आहे. त्याला दुष्टपणाचा आनंद होतो, आणि तो पडद्यावर असेपर्यंत चित्रपट जिवंत राहतो.

‘छावा’ तर कादंबरीवरचाच. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची संभाजीराजांवरची ती १९७९ ची कादंबरी घरातल्या कलहाने भरलेली आहे. सोयराबाई, मंत्री, बापलेकांमधला दुरावा, पहिल्या निम्म्या भागात हेच आहे. चित्रपटात ते काही दृश्यांत उरकलं जातं आणि कॅमेरा रणांगणाकडे धावतो. पण दिग्दर्शकाला एकट्याला दोष देता येणार नाही. प्रदर्शनाआधी लेझीम खेळण्याचं दृश्य आक्षेपामुळे काढावं लागलं. नंतर शिर्क्यांच्या चित्रणावर वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. वंशजांच्या भावनाही खोट्या नसतात. मात्र ज्या कथेत फितूर कोण हे दाखवायचीच चोरी, तिथे कारस्थान रंगणार कसं? मग पडद्यावर उरतात फक्त सीमेपलीकडचे शत्रू, कारण त्यांच्या बाजूने तक्रार घेऊन कोणी येत नाही.

एक तक्रार तलवारबाजीचीही. कोल्हापूरच्या तालमींत आणि आखाड्यांत मर्दानी खेळ अजून शिकवला जातो. लाठी, फरी-गदका, विटा, पट्टा. दांडपट्ट्याला २०२४ साली महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला. पट्टा फिरवणाऱ्याचं सगळं अंग फिरतं, पाय कुठे पडतो यावर वार ठरतो. हे पाहायचं तर माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत हवा आणि दृश्य तुटता कामा नये. १९५२ च्या ‘स्कारामूश’मधलं नाट्यगृहातलं द्वंद्व सहा मिनिटांहून जास्त चालतं, आणि दोघांची पावलं दिसतात म्हणून श्वास रोखला जातो. आपल्याकडे मात्र वार सुरू झाला की संथ गती, रक्ताचा फवारा, संगणकावर तयार केलेलं धुकं आणि सेकंदाला एक तुकडा. नटाला शस्त्र येतं की नाही हे कळूच नये अशी ती मांडणी असते. ज्या जिल्ह्यात हा खेळ जिवंत आहे, तिथल्या प्रेक्षकाच्या ते ध्यानात येतं.

विषयांची तर ददात नाही. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैद झाले आणि त्यांची सवत राजसबाई यांचा मुलगा संभाजी गादीवर आला. लहानपणापासून लपवून वाढवलेला नातू म्हणून ताराबाईंनी रामराजाला पुढे आणलं. १७४९ मध्ये शाहू महाराज गेल्यावर तो साताऱ्याच्या गादीवर बसला, आणि वर्षभरात त्याच ताराबाईंनी त्याला तोतया म्हणून किल्ल्यात कोंडलं. होपला रुरिटानिया रचावी लागली, आपल्याकडे ती कागदपत्रांत पडून आहे.

आणि आमच्या तालुक्यात कुरुंदवाडला कृष्णा-पंचगंगेच्या घाटावर सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी मानली जाते. बादशहाच्या छावणीत शिरून तंबूचे सोन्याचे कळस कापून आणणारा हा सेनापती पुढे आपल्याच छत्रपतींशी बिनसून बसला. धनाजी जाधवांशी लढाई झाली. हाती लागलेल्या अमृतराव निंबाळकरांना त्याने हत्तीच्या पायी दिलं. राजाराम महाराज ताब्यात आले, तर त्यांच्यापुढे हात बांधून उभा राहिला, असंही सांगितलं जातं. अमृतरावांची बहीण नागोजी माने यांच्या घरात होती. १६९७ मध्ये एकटा सापडलेल्या संताजीला त्याच मान्यांनी मारलं. पराक्रम, अहंकार, मत्सर, बहिणीचा सूड, सगळं एकाच आयुष्यात. यात सगळेच आपले आहेत आणि कोणीच निर्दोष नाही, म्हणूनच ही कथा युद्धपटाच्या साच्यात बसत नाही.

माझं मागणं लेखकांकडे आणि निर्मात्यांकडे आहे. मोठ्या नावांना हात लावायची भीती वाटत असेल तर गुंजीकरांसारखा एखादा गड कल्पनेने बांधा, ‘अमृतमंथन’सारखं एखादं राज्य वसवा, संताजीच्या फौजेतला एखादा बिननावाचा शिलेदार नायक करा आणि दरबार त्याच्या डोळ्यांनी दाखवा. आखाड्यातल्या वस्तादाला चित्रीकरणाच्या जागी बोलवा आणि कॅमेरा थोडा मागे न्या. असा चित्रपट मराठीत कोणी केला, तर शिरोळची माणसं त्यालाही गाड्या भरून जातील.