तीन रकान्यांत न मावणारा भूकंप

‘एखाद्या गरीब देशातील मोठ्या भूकंपाची कारणे, परिणाम व उपाययोजना लिहा.’ या वळणाचा प्रश्न भूगोलाच्या शिक्षकांना नवा नाही. उत्तराची पद्धतही ठरलेली आहे. फळ्यावर तीन रकाने पाडायचे. पहिल्यात भूपट्टांची हालचाल, दुसऱ्यात मृतांचा आकडा आणि तिसऱ्यात परदेशी मदत. उत्तर सुटसुटीत होते, गुणही मिळतात. आमची तक्रार या रकान्यांविषयीच आहे. हैती या देशाचे उदाहरण घेऊन ते तपासून पाहू.

१२ जानेवारी २०१० रोजी दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी हैतीत ७.० महत्तेचा भूकंप झाला. (महत्ता हे भूकंपात मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेचे माप.) केंद्र राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून सुमारे २५ किलोमीटरवर आणि जमिनीखाली अवघ्या १३ किलोमीटरवर होते. येथे कॅरिबियन व उत्तर अमेरिकन भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर इतक्या वेगाने एकमेकांना घासत सरकतात. भ्रंशाजवळचे खडक अडकून राहतात, ताण साठत जातो आणि केव्हातरी तो एकदम मोकळा होतो. १७५१ आणि १७७० मध्ये हेच शहर भूकंपांनी उद्ध्वस्त झाले होते. एरिक कॅले व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये, येथे ७.२ महत्तेपर्यंतचा भूकंप होऊ शकतो, असा इशाराही दिला होता. दिवस आणि वेळ मात्र कोणालाच सांगता येत नाही. भूकंप अचानक आला खरा, पण तो अनपेक्षित नव्हता.

पहिल्या रकान्यात एवढे लिहिले की आपण थांबतो. पण हे जमीन हादरण्याचे कारण झाले. माणसे मरण्याचे कारण त्यात कोठे आहे?

येथे पुष्कळदा चिलीचा दाखला दिला जातो. हैतीनंतर दीडच महिन्याने, २७ फेब्रुवारी २०१० रोजी, तेथे ८.८ महत्तेचा भूकंप झाला. महत्तेतील १.८ चा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे ५०० पटींचा फरक. तरीही मृत सुमारे सव्वापाचशे. दाखला प्रभावी आहे, पण तो पुरता न्याय्य नाही, कारण चिलीतील केंद्र समुद्राखाली आणि अधिक खोल होते. अधिक योग्य तुलना न्यूझीलंडशी होईल. ४ सप्टेंबर २०१० रोजी क्राइस्टचर्च शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, तितकाच उथळ, ७.१ महत्तेचा भूकंप झाला. घरे कोसळून त्यात एकही माणूस दगावला नाही.

‘म्हणजे श्रीमंत देश वाचतात, गरीब मरतात,’ असे विद्यार्थी म्हणतील. त्यांना पुढची गोष्ट सांगावी. त्याच क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ रोजी अगदी जवळून धक्का बसला. १८५ माणसे गेली आणि त्यांतील ११५ एकाच इमारतीत. त्या इमारतीच्या रचनेत दोष होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. देश श्रीमंत होता. ती इमारत कच्ची होती. भूकंपात माणसाच्या अंगावर देशाचे दरडोई उत्पन्न कोसळत नाही, भिंत आणि छत कोसळते.

मग हैतीतील छते अशी का होती? वाळू म्हणून पुष्कळ ठिकाणी चुनखडीची भुसभुशीत रेती वापरलेली, सिमेंट कमी, सळया बारीक आणि गुळगुळीत. त्यांवर काँक्रीटचा जड स्लॅब. बांधकामाचे नियम सक्तीने पाळून घेणारी यंत्रणा नव्हती. हे सारे अज्ञानापोटी झाले असे समजू नये. हैतीला चक्रीवादळे वारंवार झोडपतात. एकट्या २००८ मध्ये लागोपाठ चार वादळे आली. पत्रे उडून जातात, स्लॅब टिकतो. राजधानी उद्ध्वस्त करणारा आधीचा भूकंप मात्र २४० वर्षांपूर्वीचा. लोकांनी ओळखीच्या संकटावर उपाय केला आणि तोच अनोळखी संकटात जीवघेणा ठरला.

हे आपल्याला परके वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवते, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या बांधले गेले. किल्लारीजवळ तर भूपट्टांची सीमाही नाही. पहिल्या रकान्यातील ठरलेले वाक्य तेथे लागूच पडत नाही. भिंतीचे स्पष्टीकरण मात्र दोन्हीकडे लागू पडते.

‘गरीब’ हा शब्दही आपण हवामानाच्या वर्णनासारखा वापरतो. जणू तो देश मुळातच तसा होता. हैती हा गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेला देश. मालकांच्या नुकसानभरपाईपोटी फ्रान्सने १८२५ मध्ये त्याच्याकडून १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण ती भागवण्यासाठी काढलेल्या कर्जांचा शेवट १९४७ मध्ये झाला. १९९० च्या दशकात तांदळावरील आयातकर खूप घटवला गेला. स्वस्त अमेरिकी तांदळापुढे तेथील शेतकरी टिकला नाही. या धोरणातील आपल्या वाट्याबद्दल बिल क्लिंटन यांनी मार्च २०१० मध्ये जाहीर खेद व्यक्त केला. शेती सुटलेली माणसे राजधानीच्या उतारांवर दाटीने राहू लागली. हे सारे कोणत्या रकान्यात लिहायचे?

दुसऱ्या रकान्यातील आकडाही आपण फारच निःशंकपणे लिहितो. हैती सरकारचा आकडा सुमारे ३ लाख १६ हजार. इतर पाहण्यांचे अंदाज दीड लाखाच्या आसपास, तर काहींचे एक लाखाच्याही खाली. बहुसंख्य मंत्रालये कोसळली होती आणि प्रेते न मोजता सामुदायिक खड्ड्यांत पुरावी लागली. मोजता न येणे हाही भूकंपाचाच परिणाम होता. विज्ञान शिकवणाऱ्याने तो लपवू नये.

तिसरा रकाना सर्वांत फसवा. ढिगाऱ्यांतून बहुतेकांना प्रथम शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. त्यानंतर आलेल्या तातडीच्या मदतनिधीपैकी जेमतेम एक टक्का हैती सरकारच्या हाती पडला. बाकीचा परदेशी संस्था आणि यंत्रणांमार्फत खर्च झाला. ज्या सरकारने पुढे बांधकामे तपासायची, ते दुबळेच राहिले. ऑक्टोबर २०१० मध्ये पटकीची साथ आली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका छावणीतील मैला आर्टिबोनिट नदीच्या उपनदीत मिसळला होता. पुढील वर्षांत आठ लाखांवर लोकांना लागण झाली आणि सुमारे दहा हजार दगावले. २०१६ मध्ये सरचिटणीस बान की मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. ‘उपाययोजना’ अशी नव्या आपत्तीचे कारण झाली.

वर्ग मोठे असतात, वेळ थोडा असतो आणि कोष्टकामुळे उजळणी सोपी होते, हे आम्ही जाणतो. म्हणून कोष्टक टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. रकान्यांमधल्या रेघा तेवढ्या पुसाव्यात आणि त्या जागी बाण काढावेत. वादळाकडून स्लॅबकडे, तांदळाकडून उतारावरील वस्तीकडे, छावणीकडून नदीकडे. तिसऱ्या रकान्यातून एक बाण पुन्हा पहिल्याकडे जाऊ द्यावा. १४ ऑगस्ट २०२१ रोजी हैतीत ७.२ महत्तेचा भूकंप झाला आणि २,२०० हून अधिक माणसे गेली. या वेळी एक गोष्ट नवी होती. सामान्य नागरिकांनी आपल्या घरी ठेवलेल्या स्वस्त भूकंपमापकांच्या नोंदी संशोधकांच्या कामी आल्या. तीही एका बाणाची जागा आहे.

तास संपताना मुलांना आपल्याच शाळेच्या छताकडे पाहायला सांगावे. हे कोणी बांधले, कोणी तपासले, सळया किती जाडीच्या आहेत? उत्तरे ठाऊक नसतील तर ती मुख्याध्यापकांकडे, पंचायतीकडे लेखी विचारावीत. त्या पत्राला गुण मिळणार नाहीत. पण भूकंपाचा पाठ शिकल्याची ती खरी खूण ठरेल.