क्रीडावृत्तापासून ग्रंथापर्यंत

वर्तमानपत्री लेखन संध्याकाळपर्यंत शिळे होते, अशी आपल्याकडे समजूत आहे. क्रीडावृत्ताला तर तेवढेही आयुष्य लाभत नाही. निकाल वाचकाला आधीच ठाऊक असतो. असे असूनही एखादा क्रीडालेखक चाळिसाच्या घरात पुस्तके लिहितो आणि ती आवडीने वाचली जातात, तेव्हा त्या लेखनाचा साहित्य म्हणून विचार करणे टीकाकारास टाळता येत नाही. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी दिवंगत झालेले द्वारकानाथ संझगिरी हे असे लेखक होत.

पेशाने ते मुंबई महानगरपालिकेत अभियंता होते. १९८३ च्या विश्वचषकानंतर संदीप पाटील यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘एकच षटकार’ या पाक्षिकाशी त्यांचा निकटचा संबंध होता. वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात खेळाला हक्काचे पान मिळवून दिले आणि बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेटला मराठी वाणी दिली. संझगिरींनी या वारशात भर घातली ती गप्पांच्या लयीची. चित्रपटगीते, खाद्यपदार्थ, प्रवास यांतून त्यांची उपमा सहज उगवते. ‘शतकात एकच सचिन’ लिहिणारा लेखक ‘फिल्लमबाजी’ आणि ‘दादर : एक पिनाकोलाडा’ही लिहितो, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. त्यांचा खरा विषय खेळ नव्हे, खेळावर जीव लावणारा मध्यमवर्गीय मराठी माणूस हा होता.

मात्र गुणांतूनच दोष उद्भवतात. उपमेमागून उपमा आली की फलंदाज दिसेनासा होतो, उपमाच उरते. भक्तीचा जोर वाढला की चिकित्सा मागे सरते. स्तंभात जी उत्कटता खपून जाते, तीच पुस्तकात सलग वाचताना थकवा आणते. कारण स्तंभाच्या वाचकाला आठवड्याची विश्रांती मिळते, पुस्तकाच्या वाचकाला ती मिळत नाही. म्हणून त्यांच्या विपुल लेखनातून एक नेटकी निवड व्हावी, असे आम्हांस वाटते.

रायपुरातील वाचकाच्या दृष्टीने या लेखनाचे आणखी एक मोल आहे. याच शहरात वास्तव्य केलेल्या माधवराव सप्र्यांनी टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. आज आमच्यापुढील प्रश्न उलट दिशेचा आहे : हिंदीत शिकणाऱ्या आमच्या मुलांना मराठीत आणावे कसे? लिपी त्यांना येते, परंतु गोडी नाही. क्रिकेट मात्र त्यांच्या अंगणात आले आहे. २१ जानेवारी २०२३ रोजी शहीद वीर नारायण सिंह मैदानावर न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला. १६ मार्च २०२५ रोजी, म्हणजे संझगिरींच्या निधनानंतर सव्वा महिन्याने, येथेच तेंडुलकरच्या नेतृत्वाखाली भारतीय माजी खेळाडूंनी मास्टर्स लीगचा अंतिम सामना जिंकला. ज्याला विषय आधीच ठाऊक आहे, त्याला अनोळखी शब्द अडवीत नाहीत. संदर्भ त्याला हात देतो.

दादरच्या गल्ल्यांचे संदर्भ येथील मुलाला कळणार नाहीत, हे खरे. पण ते विचारण्यासाठी तो आजोबांकडे गेला, तर तेवढ्यापुरते घरात मराठी बोलले जाईल. मंडळांच्या ग्रंथालयांनी ही पुस्तके कादंबऱ्यांच्या मागे न ठेवता पुढच्या फळीवर मांडावीत. अभिजात नसलेले लेखनही अभिजाताचे दार उघडू शकते, आणि ते दार उघडणाऱ्याचे ऋण साहित्याने मान्य केले पाहिजे.