कडेचे वानर

रामानंद सागरांचं ‘रामायण’ १९८७-८८ साली दूरदर्शनवर झालं. पण चोपड्यात कडेचा एखादा वानर कुणी पुरता पाहिला असेल तर शपथ! व्होल्टेज पडलं की चित्र आक्रसून काळ्या पट्ट्या दिसायच्या. म्हणून कारखानदार चित्र मुळातच काचेपेक्षा मोठं पाडत. काठ गेले तरी चालतील, काच भरली पाहिजे! मेकॅनिक मागचा ‘हाइट’चा स्क्रू पिळी, पाय दिसू लागत, पण राम बुटका होई आणि डावी-उजवीकडचे वानर बाहेरच राहत. खरा इलाज केळीच्या मळ्यांत होता. तिकडे मोटारी सुरू झाल्या, व्होल्टेज पडलं, की वानरसेना हळूच आत येई. अंधूक, पण अख्खी! भरपूर विजेत मात्र फक्त मधल्यांचंच रामायण.