राखीव स्मृती आणि आभासी संगणक : एक चिकित्सा

सोलापूरसारख्या शहरातील महाविद्यालयाला प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर घेणे परवडत नाही. म्हणून एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालविले जातात. त्यांपैकी एखाद्याला नेटवर्क कार्डासारखे उपकरण थेट जोडून देण्याचीही सोय असते. या सोयीतील एका अडचणीचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उपकरण प्रोसेसरला न विचारता स्मृतीत लिहू शकते. त्यावर इंटेलच्या व्हीटी-डी रचनेतील आयओएमएमयू नियंत्रण ठेवते व प्रत्येक पत्ता त्या आभासी संगणकाच्या हद्दीतच वळविते. परंतु काही उपकरणांसाठी बायोस स्मृतीचा विशिष्ट भाग राखून ठेवते व तेथील पत्ते बदलू नयेत असे सांगते. यालाच आरएमआरआर म्हणतात. हे सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यासारखे आहे. जमीन आपल्या नावावर असली तरी तिच्यावर दुसऱ्याचा बोजा असतो. राखीव भाग तसाच ठेवला तर पाहुण्या संगणकाला यजमानाच्या स्मृतीत वाट मिळते; काढून टाकला तर बायोसच्या सांगण्यावरून उपकरण पाहुण्याच्याच स्मृतीत भलते काही लिहू शकते.

लिनक्सने 2014 मध्ये यूएसबी वगळता अशी उपकरणे जोडून देण्यास नकार दिला. 2015 मध्ये ग्राफिक्स उपकरणांनाही सूट दिली. त्याच वर्षी झेनच्या 4.6 आवृत्तीने ‘कडक’ आणि ‘शिथिल’ असे दोन पर्याय दिले. शिथिल पर्यायात पत्त्यांचा संघर्ष आढळला तरी केवळ इशारा देऊन काम पुढे चालू राहते. माझ्या मते लिनक्सचा नकार अधिक प्रामाणिक आहे. मात्र नकाराबरोबर येणारा ‘उत्पादकाशी संपर्क साधा’ हा संदेश हमीची मुदत संपलेल्या सर्व्हरच्या मालकाला निरुपयोगी ठरतो. मग तो कर्नेलमध्ये बदल करून ही तपासणीच काढून टाकतो. काम सुरू होते. धोका मात्र दिसेनासा होतो.

खरा दोष उत्पादकांचा आहे. राखीव स्मृतीचा वापर टाळावा किंवा मर्यादित ठेवावा, असे इंटेलचे विनिर्देशही सांगतात. तरीही काही सर्व्हरांमध्ये ती सरसकट राखली गेली. बंद करण्याची सोय काही उत्पादकांनी नंतर दिली.

तात्पर्य, प्रयोगशाळेत ही तपासणी काढून प्रयोग करण्यास हरकत नाही. परंतु विद्यार्थ्यांचे गुण व प्रवेशाची माहिती असलेल्या सर्व्हरवर तसे करणे अक्षम्य आहे. राखीव स्मृती बंद करता येते काय, हा प्रश्न निविदेतच विचारला पाहिजे.