महाड-पोलादपूर आणि आमचीं प्रवासवर्णनें

मराठींत स्थलवर्णनांचा तुटवडा नाहीं. तुटवडा आहे तो दृष्टीचा. रायगडावरील लेखच घ्या. १६७४ चा राज्याभिषेक, जगदीश्वराचें देऊळ, महाराजांची समाधि यांवर पानेंच्या पानें खर्ची पडतात. आणि वाटेंत लागणारें महाड मात्र ‘येथें चहा घेतला’ एवढ्या एका वाक्यांत आटोपतें.

वस्तुतः या प्रदेशास लेखकाच्या विशेषणांची गरज नाहीं. गांधारपाल्याच्या डोंगरांत बौद्ध लेणीं असून तेथील शिलालेखांत विष्णुपालित या कुमाराचें नांव आहे. पोलादपुरास शिवभारतकार कवींद्र परमानंदाची समाधि आहे. जवळच तानाजी मालुसऱ्याचें उमरठें. तानाजी प्रत्येक लेखांत येतो, परमानंद क्वचितच. शिवचरित्र संस्कृत काव्यांत गुंफणाऱ्या कवीला न भेटतां महाबळेश्वराचा घाट चढावा, आणि तोहि लेखकांनींच, याचें आम्हांस नवल वाटतें.

परंतु याहून मोठी उणीव चवदार तळ्याची. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ मध्यें केला. १९२४ मध्यें महाड नगरपालिकेनें तळें खुलें केलें, तें कागदावर. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्याच दिवशीं त्या लोकांवर हल्ला झाला, ऑगस्टांत नगरपालिकेनें ठराव मागें घेतला, आणि न्यायासाठीं १७ मार्च १९३७ रोजींच्या हायकोर्टाच्या निकालापर्यंत थांबावें लागलें. ओंजळभर पाण्यासाठीं चौदा वर्षें!

‘सहलीच्या लेखांत हा वाद कशाला?’ असें कोणी म्हणेल. गडावरील लढाई रसिकास चालते, तर तळ्याकाठची कां चालूं नये? दोन्ही ठिकाणीं प्रश्न मानाचाच होता.

हा दोष आम्ही दुसऱ्यांच्याच पदरीं टाकीत नाहीं. आम्हीं स्वतः विद्यार्थ्यांसह रायगड पाहिला, त्यावर लेखहि लिहिला. परततांना महाडास एका विद्यार्थ्यानें विचारलें, ‘सर, तळें कोणीकडे?’ आम्हांस वाट ठाऊक नव्हती. त्यानेंच ती एका दुकानदारास विचारून घेतली, आणि आम्ही त्याच्या मागून गेलों. आमच्या छापील लेखांत मात्र तें तळें नाहीं.

प्रवासवर्णनाची परीक्षा त्यांतील सूर्यास्तावरून करूं नये. लेखकानें काय वगळलें, यावरून करावी. त्या परीक्षेंत आमचा लेख नापास आहे.